परवाना एकाचा, वर्गणी सर्वांची: सांगलीतील एका हॅम क्लबच्या रिपीटरचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

सांगली-मिरज परिसरातील एका हॅम (हौशी) रेडिओ क्लबचा रिपीटर, म्हणजे आलेले संदेश ऐकून जास्त ताकदीने पुढे पाठवणारे यंत्र, ज्या ज्येष्ठ सभासदाच्या घरावर बसवलेला होता, त्यांचे ऐन पावसाळ्यात अचानक निधन झाले. रिपीटरचा परवाना त्यांच्याच नावावर होता. यंत्रसामग्रीचा काही भाग सभासदांच्या वर्गणीतून आला होता, काही त्यांनी पदरमोड करून घेतला होता आणि यातले कोणते काय, हे सांगणारा एकही कागद क्लबच्या दप्तरात नव्हता. त्यानंतर क्लबने कोणत्या क्रमाने कोणते निर्णय घेतले, ते का घेतले आणि त्यांचे काय झाले, याची ही नोंद आहे. कुटुंबाची व सभासदांची ओळख पटू नये म्हणून नावे, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी स्टेशनची ओळख-अक्षरे) आणि वर्ष दिलेले नाही व काही तपशील बदलले आहेत. दिवंगत सभासदांना सगळा क्लब ‘काका’ म्हणत असे. येथेही तेच संबोधन वापरले आहे.

पार्श्वभूमी

क्लबमध्ये शिक्षक, साखर कारखान्यातील इन्स्ट्रुमेंट विभागाचे कर्मचारी, दोन डॉक्टर, निवृत्त मंडळी आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आहेत. रविवारी सकाळी नेट भरते, म्हणजे एक जण नेट कंट्रोल होऊन एकेका स्टेशनची हजेरी घेतो आणि मग खबरबात, तांत्रिक शंका, कोणाच्या नव्या अँटेनाचे कौतुक असा क्रम चालतो. हे सारे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, ज्याला हॅम मंडळी ‘टू मीटर’ म्हणतात, तेथे चालते. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्यामुळे हरिपूरच्या सखल भागातून पाच वॅटच्या हँडीवर, म्हणजे हातात मावणाऱ्या संचावर, बोललेले तासगावला थेट पोहोचत नाही. उंचावरचा रिपीटर ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्‌झ दूरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा पाठवतो. ऐकणे आणि पाठवणे एकाच अँटेनावर एकाच वेळी चालावे, पाठवणाऱ्या संचाने ऐकणाऱ्याचे कान बंद करू नयेत, यासाठी मध्ये डुप्लेक्सर लागतो. धातूच्या नळकांड्यांचा हा संच बारकाईने ट्यून करावा लागतो. या प्रकरणातला सर्वांत मोठा वाद त्याच्याभोवतीच झाला.

रिपीटर हवाच, हे क्लबने ठरवले ते २०१९ च्या महापुरानंतर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. वीज गेलेल्या वस्त्यांमध्ये मोबाइल चार्ज करण्याचीही सोय उरली नव्हती. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. पूर ओसरल्यावरच्या पहिल्या बैठकीत काकांनी विश्रामबाग भागातील आपल्या घराची गच्ची देऊ केली. ते निवृत्त विद्युत अभियंता आणि जनरल ग्रेडचे, म्हणजे वरच्या श्रेणीचे, परवानाधारक होते, शिवाय त्यांच्या गच्चीवर आधीपासूनच तारांनी ताणलेला उंच मनोरा होता. क्लबच्या नावाने परवाना काढायचे ठरले, पण कागदपत्रांची जमवाजमव कोणी करायची यावर गाडी अडली आणि तोवर काकांच्या नावावर काम भागले. ‘पुढच्या वर्षी बघू’ असे प्रत्येक वार्षिक सभेत म्हटले गेले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. काका होते आणि यंत्र चालत होते, इतकेच सर्वांना पुरेसे वाटत होते.

प्रश्न नेमका कोणता होता

काकांच्या निधनाची बातमी क्लबला सकाळी कळली. संध्याकाळी सवयीने रेडिओ लावणाऱ्या सभासदांना ऐकू आले की, दर दहा मिनिटांनी रिपीटर मोर्समध्ये काकांचे कॉलसाइन पाठवतो आहे. रिपीटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये तशी ओळख भरलेली असते आणि रिपीटर चालू आहे तोवर ती जातच राहते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते सहन होईना, तर काहींना ते बंद होऊ नये असे वाटले. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

कायद्याच्या बाजूने मात्र संदिग्धता नव्हती. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला मिळतो. तो वैयक्तिक असतो. वारसाने मुलाकडे जात नाही आणि मित्रांकडेही जात नाही. परवानाधारक गेला की त्याच्या कॉलसाइनवर प्रक्षेपण करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. शिवाय परवान्याशिवाय प्रेषक संच जवळ बाळगणे हाही आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा मानला गेला आहे. म्हणजे काकांच्या खोलीतले एचएफ (दूर पल्ल्याचे) व व्हीएचएफ (टू मीटरसारखे जवळच्या पल्ल्याचे) संच आता अशा घरात होते, जेथे ते बाळगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

पहिल्या तातडीच्या बैठकीत चार वेगवेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जात होते: रिपीटर चालू ठेवायचा का, तो कोणाचा आहे, बाकीच्या संचांचे काय करायचे आणि नवी जागा कोणती. एकाने मालकीचा मुद्दा काढला की दुसरा परवान्याचे उत्तर देई. खजिनदारांनी फळ्यावर हे चार प्रश्न वेगळे लिहिले आणि त्या रात्री फक्त पहिल्याचा निकाल लावायचा, असा आग्रह धरला. या सबंध प्रकरणात क्लबने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच होती असे माझे मत आहे, कारण चालवण्याचा अधिकार आणि वस्तूवरचा हक्क या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे त्यामुळे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले.

पहिला निर्णय: बंद करणे

पाऊस लागून राहिला होता, कोयनेतून विसर्ग सुरू होता आणि आयर्विन पुलाजवळचे पाणी रोज चढत होते. ज्या कामासाठी रिपीटर उभारला, ती वेळ जवळ येत असताना तो बंद करायचा का, हा पेच होता. तीन पर्याय पुढे आले.

पहिला, तेराव्यापर्यंत किंवा पाणी उतरेपर्यंत तो तसाच चालू द्यावा. त्याच्या बाजूने लोक जास्त होते. आपत्तीची शक्यता असताना कोण विचारणार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसरा, कंट्रोलरमध्ये दुसऱ्या एखाद्या जनरल ग्रेडच्या सभासदाचे कॉलसाइन भरावे. हा वरवर सोपा वाटला, पण परवान्यावर स्टेशनची जागा नोंदलेली असते, आणि दुसऱ्याच्या घरातले, आपल्या ताब्यात नसलेले यंत्र आपल्या नावावर चालवण्याची जबाबदारी घ्यायला, विचारले तेव्हा, कोणीच तयार झाले नाही. तिसरा, रिपीटर लगेच बंद करून सिम्प्लेक्सवर, म्हणजे एका संचावरून थेट दुसऱ्या संचावर, नेट चालवावी आणि मिरजेत उंच जागी राहणाऱ्या सभासदाने मध्ये राहून निरोप पुढे द्यावेत.

बहुमत पहिल्या पर्यायाकडे झुकत असताना एका डॉक्टर सभासदांनी विचारले की, पूर आला आणि प्रशासनाने आपल्याला मदतीला बोलावले, तर आपण कोणत्या तोंडाने परवाना दाखवणार? या प्रश्नाने बैठकीचा कल बदलला. आपत्तीत हॅमची किंमत यंत्रामुळे जेवढी असते, तेवढीच तो नियमाने वागणारा माणूस आहे या विश्वासामुळे असते. तिसरा पर्याय मंजूर झाला.

अंमलबजावणी ठरावाइतकी सोपी नव्हती. दुःखाच्या घरात काकूंना यंत्राविषयी विचारायचे कसे, म्हणून शेजारी राहणाऱ्या पुतण्याला फोन केला. त्याने वर जाऊन मेन स्वीच बंद केला, तरी रिपीटर उत्तर देतच राहिला. वीज गेली की भार आपोआप बॅटरीवर जावा, अशीच काकांची रचना होती. पुतण्या अंधारात, ओल्या गच्चीवर, फोन कानाला लावून कोणती वायर काढू असे विचारू लागला, तेव्हा त्याला खाली पाठवण्यात आले. थोड्या वेळाने काकूंनीच फोन घेतला. त्या म्हणाल्या, “आधी बॅटरीचा फ्यूज काढायचा असतो. वीज कडाडायला लागली आणि हे घरी नसले, की मीच काढत होते. थांबा, काढते.” दोनच मिनिटांत रिपीटर शांत झाला.

सिम्प्लेक्सवरची नेट सकाळ-संध्याकाळ चालली. मिरजेच्या सभासदांनी निरोप पुढे देण्याचे काम चोख केले, पण हरिपूर आणि सांगलवाडीकडील हँडीधारकांचा आवाज अनेकदा तुटत होता आणि तासगावकडचे दोन सभासद पूर्णपणे तुटले होते. पाणी इशारा पातळीच्या आसपास जाऊन उतरले, हे सुदैव. ते आणखी चढले असते तर ही व्यवस्था अपुरी पडली असती, हे मान्य करायला हवे.

दुसरा निर्णय: मालकी

तेरावे झाल्यानंतर बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाने क्लबच्या अध्यक्षांना कळवले की, वडिलांचे सर्व सामान एकरकमी घ्यायला परगावचा एक व्यापारी तयार आहे आणि घर रिकामे करून आईला सोबत न्यायचे आहे. त्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक होते. रेडिओची यंत्रे लहानपणापासून वडिलांच्याच हातात पाहिलेली. रिपीटरमध्ये इतरांचे पैसे आहेत हे त्याला ठाऊकच नव्हते. अध्यक्षांनी घाईने पाठवलेल्या उत्तरात “रिपीटर क्लबचा आहे” असे एकच वाक्य होते. मुलगा दुखावला गेला आणि बोलणे थांबले.

क्लबने आपले पुरावे गोळा केले. पासबुकात वर्गणीतून दिलेल्या काही रकमा सापडल्या, दोन पावत्या सापडल्या, आणि पाठवणारा व ऐकणारा असे दोन्ही संच, वीजपुरवठ्याचे एसएमपीएस व कोअ‍ॅक्स केबल क्लबचे असल्याचे बऱ्यापैकी स्पष्ट झाले. बॅटरी काकांच्या जुन्या इन्व्हर्टरची होती. डुप्लेक्सरबद्दल मात्र दोन ठाम मते होती. त्याची किंमत उरलेल्या सामानाच्या एकत्रित किमतीहून जास्त असल्याने प्रश्न तेथेच अडला. काही सभासदांना पक्के आठवत होते की त्यासाठी वेगळी वर्गणी काढली होती. इतरांना तितकेच पक्के आठवत होते की ती वर्गणी मनोऱ्याच्या तारा बदलण्यासाठी होती.

येथे पुन्हा तीन मार्ग होते. वकिलामार्फत पत्र देणे, हा एक. जे सिद्ध करता येते तेवढेच मागून बाकीच्यावरचा दावा सोडणे, हा दुसरा. आणि निम्मी-निम्मी किंमत धरून तडजोड करणे, हा तिसरा. वकिलाचा मार्ग एका सभासदाने लावून धरला. “वर्गणी आमच्या घामाची आहे,” हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ज्या माणसाने आपले घर, वीज आणि वेळ वर्षानुवर्षे दिला, त्याच्या पत्नीच्या दारात नोटीस जाऊ द्यायला बहुसंख्य सभासद तयार नव्हते. काकूंशी परिचय असलेल्या एका ज्येष्ठ महिला सभासदाने आणि खजिनदारांनी घरी जावे, पहिल्या भेटीत कोणतीही यादी सोबत नेऊ नये, असे ठरले.

त्या भेटीत काकूंनी स्वतःहून विषय काढला आणि घरखर्चाच्या वह्या बाहेर आणल्या. त्या प्रत्येक महिन्याचा हिशोब लिहीत असत. दूध, किराणा, गॅस, औषधे अशा ओळींमध्ये एका ठिकाणी ‘रिपीटरची नळकांडी’ अशी नोंद होती, रकमेसह, आणि पुढे कंसात ‘मुदत ठेव मोडली’ असे लिहिले होते. डुप्लेक्सर काकांनी स्वतःच्या पैशांनी घेतला होता आणि क्लबमध्ये कोणाला सांगितलेही नव्हते. त्याच वह्यांमध्ये सभासदांनी आणून दिलेल्या वस्तूंचेही उल्लेख होते: कोणी केबल दिली, कोणी मनोऱ्यावर चढायला माणूस आणला, त्या दिवशी किती जण जेवायला होते. क्लब महिनाभर ज्याचा शोध घेत होता, ते सारे काकूंच्या कपाटात होते. त्या शोकात आहेत म्हणून सर्वांनी त्यांना या बोलण्यातून बाजूला ठेवले होते. त्यांना माहिती असेल, हे कोणाच्याच मनात आले नव्हते. फ्यूजच्या प्रसंगानंतर तरी ते यायला हवे होते.

यानंतर मुलाशी बोलणे सोपे झाले. क्लबने डुप्लेक्सरवरचा दावा लेखी सोडला. त्याची वापरलेल्या वस्तूची किंमत ठरवण्यासाठी कोल्हापूरच्या दोन अनुभवी हॅमना विनंती करण्यात आली, कारण आपल्यापैकी कोणी आकडा काढला तर तो कमी काढल्याचा संशय राहील, असे सर्वांना वाटले. ठरलेली रक्कम क्लबने हप्त्यांनी कुटुंबाला दिली. वकिलाचा आग्रह धरणाऱ्या सभासदाने त्यानंतर वर्गणी भरली नाही आणि तो अजूनही परतलेला नाही.

तिसरा निर्णय: उरलेले संच

काकांच्या खोलीत, म्हणजे हॅमच्या भाषेत शॅकमध्ये, दोन एचएफ संच, तीन हँडी, अँटेना ट्यूनर आणि घरी बनवलेली बरीच उपकरणे होती. व्यापाऱ्याला एकरकमी विकणे कुटुंबाला सोयीचे होते. पण प्रेषक संच विकायचा तर घेणाऱ्याकडे तो बाळगण्याची परवानगी हवी आणि त्या व्यापाऱ्याने याबाबत कोणताही कागद दाखवला नाही. मुलाला हे समजावून सांगितल्यावर त्याने तो सौदा स्वतःच मोडला.

तात्पुरता उपाय म्हणून सर्व प्रेषक संचांची अनुक्रमांकांसह यादी केली, कुटुंबाची व दोन सभासदांची सही घेतली आणि संच एका परवानाधारक सभासदाच्या ताब्यात सीलबंद ठेवले. खोलीत उरला तो एक जुना व्हॉल्व्हचा रिसीव्हर. त्यातून प्रक्षेपण होत नसल्याने त्याला ही अडचण नव्हती, आणि काकूंना तो हवा होता.

विक्री लिलावाने करावी की ठरावीक किमतीने, यावर मतभेद झाले. लिलावात कुटुंबाला जास्त पैसे मिळाले असते. ठरावीक किमतीत नवशिक्यांना संधी होती. काकांनी ज्या विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी शिकवले त्यांना प्राधान्य मिळावे, अशी काकूंची इच्छा होती, म्हणून दुसरा मार्ग निवडला. येथे एक अडचण निघाली. रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या, ग्रेडची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दोन विद्यार्थ्यांचे परवाने अजून हातात आले नव्हते, आणि उत्तीर्ण होणे म्हणजे परवाना मिळणे नव्हे. त्यांनी हँडीचे पैसे भरले, पण परवाना येईपर्यंत संच सीलबंदच राहिले. मुले नाराज झाली, पालकांचेही फोन आले. तरी येथे सूट न देणे योग्यच होते. पहिल्याच पायरीवर नियम वाकवायला शिकवून आपण त्यांना चांगले हॅम करू शकलो नसतो.

चौथा निर्णय: नवी जागा

दंडोबाच्या डोंगराचे नाव सर्वांत आधी आले, कारण उंची पाहता मिरज तालुक्यात त्याच्यासारखी जागा नाही. पण ती वनविभागाची जमीन, तेथे कायमचा वीजपुरवठा आणि पावसाळ्यात दुरुस्तीला जाणे, या तिन्ही बाबी क्लबच्या आवाक्याबाहेरच्या ठरल्या. दुसऱ्या सभासदाच्या घरावर नेणे म्हणजे तोच प्रश्न पुन्हा नव्या घरात नेणे होते. शेवटी एका शैक्षणिक संस्थेने गच्ची दिली. या वेळी वीजबिल कोणी भरायचे, गच्चीची किल्ली कोणाकडे, करार संपला तर सामान किती दिवसांत हलवायचे, हे सारे लिहून घेतले. क्लबच्या नावाने परवान्याचा अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून केला आणि प्रभारी म्हणून जनरल ग्रेडच्या एका सभासदाचे नाव दिले.

निष्पत्ती

तो संपूर्ण पावसाळा आणि पुढचे बरेच महिने रिपीटर बंद राहिला. हलवताना डुप्लेक्सर धक्क्याने बिघडला आणि त्याची सहाही नळकांडी पुन्हा ट्यून करावी लागली. एका तरुण सभासदाने आपल्या छोट्या अ‍ॅनालायझरवर दोन रविवार घालवून ते काम केले. परवानगी आल्यावर रिपीटर क्लबच्या कॉलसाइनवर सुरू झाला. नव्या गच्चीवरून जयसिंगपूरकडे पूर्वीपेक्षा चांगले ऐकू येते, तासगावकडे थोडे कमी. सिम्प्लेक्सचा सराव मात्र क्लबने सोडलेला नाही. महिन्यातली एक नेट रिपीटर बंद ठेवूनच घेतली जाते, कारण त्या पावसाळ्यात कोणाचा आवाज कोठे तुटतो हे पहिल्यांदाच नीट कळले होते.

कुटुंबाशी संबंध टिकले. काकू मुलाकडे गेल्या आहेत, घर बंद आहे.

वेगळे काय करता आले असते

क्लबच्या नावाने परवाना आधीच काढायला हवा होता, हे उघड आहे. त्याहून कमी उघड गोष्ट अशी की, प्रत्येक वस्तू आणली त्याच दिवशी कोणाची, हे लिहिण्यासाठी एक साधी वही पुरली असती. काकांकडे असा विषय काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी भावना होती. प्रत्यक्षात त्या वहीने सर्वांत जास्त संरक्षण काकांच्याच कुटुंबाला दिले असते.

मुलाला पाठवलेले ते एका वाक्याचे उत्तर टाळायला हवे होते. निधनानंतरच्या पहिल्या महिन्यात मालकीविषयी काहीही लेखी कळवू नये, फक्त परवान्याची अडचण सांगून संच कोणाला विकू नयेत एवढी विनंती करावी, असे आता क्लबने ठरवले आहे. आणि काकूंना पहिल्याच आठवड्यात, हळुवारपणे का होईना, थेट विचारायला हवे होते.

जुन्या घरावरचा मनोरा अजून उभा आहे. तो कुटुंबाच्या मालकीचा आहे, उतरवण्याचा खर्च मोठा आहे आणि बंद घरावर ताणाच्या तारांची देखभाल करायला कोणी नाही. पुढच्या वळवाच्या आत तारा तपासून घेण्याची जबाबदारी क्लबने घेतली आहे. मनोरा उतरवण्याचा खर्च कोणी करायचा, यावर मुलाशी बोलणे चालू आहे. आपल्या पश्चात संच कोणत्या परवानाधारकाच्या ताब्यात द्यावेत, हे नोंदवण्याचा एक पानी अर्जही क्लबने सर्व सभासदांना दिला होता. विद्यार्थ्यांनी तो लगेच भरून दिला, ज्येष्ठांपैकी निम्म्यांचे अर्ज अजून यायचे आहेत.